सनद आणि मानपत्र

आमच्या किल्लारी-औसा-उमरगा पट्ट्यात घरातल्या कागदांची एक उतरंड असते. सगळ्यात वर सातबारा. त्याच्या खाली फेरफार, खरेदीखत, मग सोसायटीचं पासबुक, शाळा सोडल्याचा दाखला. घरात कुणी फौजेत गेलेला असेल तर त्याचे कागद मात्र या उतरंडीत बसत नाहीत. ते ट्रंकेत राहत नाहीत, भिंतीवर येतात. काचेच्या चौकटीत, देवाच्या तसबिरींच्या शेजारी. पाहुणा आला की त्याची नजर तिकडे जावी अशा बेतानं.

अशा चौकटी मी बऱ्याच घरांत वाचल्या आहेत. वाचायला मिळालं की मी सोडत नाही. आणि हळूहळू लक्षात आलं की लांबून सगळे सारखे दिसणारे हे कागद मुळात दोन वेगळ्या जातींचे आहेत. एक असतं मानपत्र. पदकाबरोबर येतं ते, किंवा एखाद्या कामगिरीबद्दल वरिष्ठांनी दिलेलं प्रशस्तिपत्र. हे काम झाल्यावर मिळतं. दुसरी असते सनद, म्हणजे ज्याला फौजेत ‘कमिशन’ म्हणतात ती. ही काम सुरू व्हायच्या आधी मिळते. विशी-बाविशीतल्या पोराला, ज्यानं अजून काहीच केलेलं नाही, राज्यकर्ता सांगतो की तुझ्या निष्ठेवर, धैर्यावर आणि वर्तनावर माझा विश्वास आहे. तू अमुक हुद्द्यावर आहेस. तुझ्या हाताखालचे तुझं ऐकतील आणि तू तुझ्या वरच्यांचं ऐकशील. आधी हे राजाच्या नावानं लिहिलं जायचं, आता राष्ट्रपतींच्या नावानं लिहिलं जातं. नाव बदललं, मजकुराचा गाभा फारसा बदललेला नाही. पुढे बढत्या मिळतात तेव्हा साधारणपणे नवी सनद येत नाही, राजपत्रात एक ओळ छापून येते. विश्वास एकदाच लिहून दिला जातो.

आता गंमत अशी की आपण भिंतीवर कौतुकानं बघतो ते मानपत्राकडे. पण मला वाटतं खरा जड कागद सनदेचा. मानपत्रात देणाऱ्याचं काहीच अडकलेलं नसतं. काम झालं, शाबासकी दिली, हिशेब मिटला. सनदेत मात्र देणाराही बांधला जातो. विश्वास ठेवतो म्हटलं की तो पुढे ठेवावा लागतो. तो ठेवला गेला का, हे बघायला आमच्या भागाइतकी चांगली जागा नसेल. कारण इथे सनदा देणारे मालकच दीडशे वर्षांत दोन-तीनदा बदलले.

सुरुवात नळदुर्गपासून करू. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर उमरग्याच्या अलीकडे, बोरी नदीच्या काठावरचा किल्ला. पावसाळ्यात पाणीमहालावरून पडणारं पाणी बघायला आपण सगळे जातो. या नळदुर्गात १८५३ ते १८५७ या काळात फिलिप मेडोज टेलर नावाचा इंग्रज अधिकारी जिल्ह्याचा कारभार बघत होता. पुस्तकं वाचणाऱ्यांना तो ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’चा लेखक म्हणून माहीत असतो. तुळजापूरच्या पार्श्वभूमीवरची ‘तारा’ ही कादंबरीही त्याचीच, १८६३ सालची.

टेलर १८२४ साली मुंबईत आला तो व्यापारी पेढीवर नोकरी करायला. पेढीची अवस्था बिकट निघाली. मग एका वजनदार नातेवाइकाच्या ओळखीनं त्याला निजामाच्या फौजेत लेफ्टनंटची सनद मिळाली. वय होतं सोळा. लढाई पाहिलेली नाही, लष्करी शिक्षण नाही, या देशाची भाषा येत नाही. तरी सनद. पण तिच्यात एक मेख होती. ती ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेची नव्हती, निजामाच्या नोकरीतली होती. हैदराबादच्या रेसिडेंटच्या देखरेखीखालची आणि इंग्रज अधिकाऱ्यांनी चालवलेली ती फौज असली तरी कंपनीच्या पटावर टेलरचं नाव कधीच चढलं नाही. कंपनीच्या दृष्टीनं तो कायम ‘स्थानिक’ अधिकारी.

आणि या माणसानं केलं काय? मराठी, हिंदुस्थानी, फारसी शिकला. पोलिसात काम केलं, जमीनमोजणी स्वतःच शिकला. सुरपूरच्या लहान राजाच्या वतीनं बारा-एक वर्षं तिथला कारभार पाहिला. १८५३ च्या तहानं निजामाकडून वऱ्हाड, रायचूर दुआब आणि आपला नळदुर्ग-धाराशिवचा पट्टा इंग्रजांकडे आला, तेव्हा नळदुर्गची जबाबदारी याच्याकडे आली. मोजणी, महसुलाची बसवणूक, रस्ते. १८५७ च्या धामधुमीत त्याला वऱ्हाडात हलवलं. १८६० साली नळदुर्गचा पट्टा इंग्रजांनी निजामाला परत करून टाकला, आणि त्याच साली प्रकृती खालावल्यामुळे टेलर निवृत्त झाला. १८६९ साली त्याला सीएसआय हा किताब मिळाला, कामाची जागा सोडून नऊ वर्षं झाल्यावर.

टेलर परकीय सत्तेचा अधिकारी होता, ही गोष्ट नजरेआड करायचं कारण नाही. पण कागदाच्या अंगानं बघितलं तर त्याची कहाणी बोलकी आहे. ज्यानं विश्वास लिहून दिला तो निजाम, काम करून घेतलं ते इंग्रजांनी, आणि सन्मान आला तो राणीच्या नावानं. सनद एकाची, मानपत्र दुसऱ्याचं.

तो तह झाला होता ज्या फौजेच्या पगारासाठी, ती पुढे ‘हैदराबाद कंटिन्जंट’ म्हणून ओळखली गेली. हिंगोली, मोमिनाबाद म्हणजे आपलं अंबाजोगाई, इथे तिच्या छावण्या होत्या. १९०३ साली ही फौज ब्रिटिश हिंदुस्थानच्या सैन्यात मिसळली. तिच्या पायदळ पलटणींतून १९२२ च्या पुनर्रचनेत १९ वी हैदराबाद रेजिमेंट उभी राहिली. हे नाव लक्षात ठेवा, पुढे ब्रह्मदेशात लागणार आहे.

इथे सनदांमधली जातिव्यवस्था सांगायला हवी. पहिल्या महायुद्धापर्यंत हिंदी माणसाला मिळू शकणारी सर्वात मोठी लढाऊ सनद व्हाइसरॉयची असायची. जमादार, सुभेदार, सुभेदार मेजर. तीस वर्षं नोकरी केलेला, छातीवर पदकांची रांग असलेला सुभेदार मेजरसुद्धा विलायतेतून कालच आलेल्या कोवळ्या लेफ्टनंटच्या खालचा. कारण लेफ्टनंटच्या खिशात राजाची सनद आणि याच्या खिशात व्हाइसरॉयची. महायुद्धात हिंदी शिपाई फ्रान्सपासून मेसोपोटेमियापर्यंत मेले, तेव्हा कुठे सँडहर्स्टच्या लष्करी महाविद्यालयात हिंदी मुलांसाठी वर्षाला दहा जागा ठेवल्या गेल्या. तीस-बत्तीस कोटींच्या देशाला दहा! पुढे १९३२ साली डेहराडूनची अकादमी निघाली, पण तिथल्या अधिकाऱ्यांची सनद पुन्हा वेगळी, हिंदी फौजेपुरती. विश्वास होता, पण मापून दिलेला.

त्या दहातल्या एका जागेवर कोल्हापूरकडचा एक मराठा तरुण गेला. शंकरराव पांडुरंग थोरात, जन्म १९०६, वडगावचे. १९२६ साली त्यांना राजाची सनद मिळाली. १४ व्या पंजाब रेजिमेंटमधून सुरुवात केलेले थोरात १९४५ च्या जानेवारीत ब्रह्मदेशातल्या आराकान किनाऱ्यावर कांगॉ इथे २/२ पंजाब या पलटणीचे प्रमुख होते. त्यांची ५१ वी ब्रिगेड तेव्हा चर्चेचा विषय होती, कारण तिच्या तिन्ही पलटणींचे प्रमुख हिंदी होते. थोरातांशिवाय दुसरे होते एल. पी. सेन, १६/१० बलुचचे. आणि तिसरे के. एस. थिमय्या, ८/१९ हैदराबादचे. हो, तीच आपल्या हिंगोली-मोमिनाबादच्या कुळातली रेजिमेंट. त्या वेळेपर्यंत तिच्यात उत्तरेकडचे, कुमाऊँकडचे शिपाई मोठ्या संख्येनं होते. त्याच वर्षी २७ ऑक्टोबर १९४५ ला तिचं नाव बदलून कुमाऊँ रेजिमेंट झालं आणि ‘हैदराबाद’ हे नाव तिच्यावरून गेलं.

कांगॉची लढाई फार तिखट झाली. तिघांनाही डीएसओ, म्हणजे डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर मिळाली. तीन मानपत्रं, एकाच लढाईची, एकाच तोडीची. पुढे या तिघांचं काय झालं ते सांगतो, पण मधे पुन्हा नळदुर्गला यावं लागेल.

१३ सप्टेंबर १९४८. सोलापूरकडून भारतीय सैन्य निजामाच्या हद्दीत शिरलं. पहिला मोठा टप्पा नळदुर्ग, कारण बोरीवरचा पूल शाबूत हाती यायला हवा होता. त्या पहाटे २ शीख पलटणीचे हवालदार बचित्तर सिंग पुढच्या कंपनीतल्या एका प्लाटूनचं नेतृत्व करत होते. समोरून दोन गाड्या आल्या, त्यांनी गोळीबार करून त्या ताब्यात घेतल्या. पुढे एका मोर्च्यावर चाल करताना मशीनगनच्या गोळ्यांनी मांडी फाटली. तसेच सरपटत पुढे गेले, दोन ग्रेनेड टाकले, मोर्चा गप्प केला. त्या लढाईतच ते गेले.

त्यांना अशोकचक्र वर्ग १ हा सन्मान मरणोत्तर दिला गेला. हा सन्मान स्थापन झाला ४ जानेवारी १९५२ ला आणि लागू केला गेला १५ ऑगस्ट १९४७ पासून. म्हणजे हवालदार पडला तेव्हा त्याला द्यायचं पदक अस्तित्वातच नव्हतं. आणखी एक गोष्ट बघा. परमवीरचक्र असतं शत्रूसमोरच्या शौर्याबद्दल. अशोकचक्र असतं शत्रूसमोर नसलेल्या शौर्याबद्दल. नळदुर्गला समोर सैन्य होतं, मशीनगन होती, माणसं मेली. पण हैदराबाद हे परकं राष्ट्र नव्हे, आपलंच संस्थान, आणि ही लढाई नव्हे, ‘पोलीस कारवाई’. त्यामुळे इथलं शौर्य दुसऱ्या खात्यात गेलं. याबद्दल माझी तक्रार नाही. हैदराबाद आपलंच, ही भूमिका मराठवाड्यातल्या माणसाला मनापासून पटणारी आहे. फक्त एवढंच दिसतं की मानपत्रात शिपायानं काय केलं यापेक्षा देणाऱ्याला त्या दिवसाला काय म्हणायचं आहे, हे आधी ठरतं.

समोरच्या बाजूलाही सनदा होत्याच. निजामाच्या सैन्याचे सरसेनापती मेजर जनरल सय्यद अहमद एल इद्रूस. १७ सप्टेंबरला निजामानं शस्त्रसंधी जाहीर केली, तोच दिवस आपण मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन म्हणून पाळतो. दुसऱ्या दिवशी इद्रूस यांनी मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्यापुढे शरणागती पत्करली. त्यांच्या आणि त्यांच्या अधिकाऱ्यांच्या सनदा पाच दिवसांच्या कारवाईत निव्वळ कागद झाल्या. आणि ज्यानं त्या दिल्या होत्या तो निजाम? तो १९५० पासून १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याचा राजप्रमुख होता. विश्वास घेणाऱ्याचा कागद रद्द झाला, देणाऱ्याचा मान शाबूत राहिला. रझाकारांनी आधी गावोगाव जे केलं, आणि कारवाईनंतर इथल्या मुसलमान वस्त्यांवर जे गुदरलं, त्या सामान्य माणसांच्या वाट्याला तर कुठल्याच बाजूचा कागद आला नाही.

आता कांगॉच्या तिघांकडे. स्वातंत्र्य आलं, प्रजासत्ताक आलं. राजाची सनद घेतलेले हे अधिकारी राष्ट्रपतींचे अधिकारी झाले. थिमय्या १९५७ साली लष्करप्रमुख झाले. थोरातांनी १९५३-५४ मध्ये कोरियात युद्धकैद्यांसाठी गेलेल्या भारतीय संरक्षक दलाचं नेतृत्व केलं. पद्मश्री, अशोकचक्र वर्ग २ असे सन्मान त्यांच्या नावापुढे लागले. १९५७ मध्ये ते पूर्व विभागाचे प्रमुख झाले.

आणि इथे त्यांच्या कारकिर्दीतला सगळ्यात महत्त्वाचा कागद येतो. तो सनद नव्हे, मानपत्रही नव्हे. ८ ऑक्टोबर १९५९ रोजी थोरातांनी ईशान्य सीमेच्या, तेव्हाच्या नेफाच्या संरक्षणाबद्दल एक सविस्तर टिपण वर पाठवलं. चीननं उद्या हल्ला केला तर आपण कुठे थोपवू शकू, कुठे नाही, किती सैन्य लागेल, किती कमी आहे, हे सगळं त्यात मांडलं होतं. १९६० च्या मार्चमध्ये लखनौला ‘लाल किल्ला’ नावाचा नकाशावरचा सराव घेऊन तोच धोका अधिकाऱ्यांपुढे पुन्हा ठेवला. थिमय्यांनी हे टिपण संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्यापर्यंत नेलं. मेनन यांना ते पटलं नाही. थिमय्यांनंतर प्रमुख म्हणून थोरातांचं नाव पुढे होतं, नेमणूक झाली ती पी. एन. थापर यांची. १९६१ साली थोरात निवृत्त झाले.

पूर्व विभागात त्यांच्या जागी कोण आलं? एल. पी. सेन. कांगॉचे तिसरे. १९६२ च्या ऑक्टोबरमध्ये चीनचं आक्रमण झालं तेव्हा त्या खुर्चीत ते होते. युद्धाच्या त्या दिवसांत पंतप्रधान नेहरूंनी थोरातांना बोलावून घेतलं. थोरातांनी आत्मचरित्रात लिहिलं आहे की ते टिपण पंतप्रधानांपर्यंत तोवर पोचलेलंच नव्हतं.

मला हा प्रसंग आठवला की त्या सनदेतला मजकूर डोळ्यांपुढे येतो. तुझ्यावर माझा विश्वास आहे. बरं, मग हा विश्वास वापरायचा कधी? परेडच्या दिवशी? पदक टोचताना? ज्या दिवशी अधिकारी न आवडणारी गोष्ट लिहून पाठवतो, त्याच दिवशी सनदेची परीक्षा असते, आणि ती परीक्षा त्याची नसते, सनद देणाऱ्याची असते. थोरातांनी आपली बाजू पाळली. राजाच्या कागदावर शपथ घेतली होती तरी प्रजासत्ताकाला खरं तेच सांगितलं. त्यांची पदकं आपण कौतुकानं सांगतो, आणि सांगावीतच. पण पदक देणं सोपं होतं. टिपण वाचणं अवघड होतं.

कांगॉच्या तीन सारख्या मानपत्रांतून हेही कळतं की मानपत्र मागचं सांगतं, पुढचं नाही. सारख्याच शौर्याचे तिघे. सतरा वर्षांनी एक निवृत्त लष्करप्रमुख, एक न वाचल्या गेलेल्या टिपणाचा लेखक आणि एक पराभवाच्या खुर्चीत. सेन यांना दोष देणं सोपं आहे. पण ज्या सैन्याचा तुटवडा थोरात सांगत होते, तोच तुटवडा त्यांच्या वाट्याला आला होता.

थोरातांचे कागद इतिहासात गेले. आमच्या भागातल्या साध्या फौजी घरांच्या कागदांचं वेगळंच झालं. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, तीन वाजून छप्पन्न मिनिटं. आदल्या रात्रीच गणपती विसर्जन झालेलं, माणसं गाढ झोपेत. दगडमातीच्या दोन-दोन, तीन-तीन फूट जाड भिंती आणि वर माळवदाची माती, सगळं अंगावर आलं. किल्लारी आणि आसपासच्या गावांत मिळून दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. माणसांपुढे कागदांचं कोण बोलणार. पण त्या भिंतींबरोबर चौकटीही गेल्या. ढिगारा उपसायला जे जवान आले, त्यांच्याच आधीच्या पिढीचे कागद त्या ढिगाऱ्यात होते.

आमच्या आळीत एक निवृत्त नायब सुभेदार होते. शिपाई म्हणून भरती होऊन वर चढलेले, राष्ट्रपतींची सनद मिळवलेले. आम्ही सगळी पोरं त्यांना सुभेदारआबा म्हणायचो. घर पडलं, ट्रंक चेपली, चौकट सापडलीच नाही. पत्र्याच्या शेडमध्ये राहत असताना माहिती लिहून घेणाऱ्या एका कर्मचाऱ्यानं त्यांना विचारलं, आजोबा, फौजेत होता याला पुरावा काय? आबांनी नुसता आपला नंबर सांगितला. एका दमात, आकडा न आकडा. मग पलटणीचं नाव, भरतीची तारीख, भरतीचं ठिकाण. तो माणूस लिहीत राहिला. आबा म्हणाले, “लिही. हे तिकडं रेकॉर्डात बी असंच हाय.”

आणि ते खरंच तसं होतं. इथे सनदेची दुसरी बाजू दिसते. घरातली चौकट ही नक्कल. मूळ नोंद देणाऱ्याकडे असते. पलटणीच्या रेकॉर्ड ऑफिसात माणसाचं सेवापत्रक असतं, अधिकाऱ्याची नेमणूक आणि बढती राजपत्रात छापलेली असते, शौर्यपदकांची अधिसूचनाही तिथेच. निवृत्तांची आणि वीरपत्नींची नोंद जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात असते. ज्यांच्या घरचे कागद गेले त्यांनी नंबर, पलटण आणि साधारण वर्ष एवढं जरी लिहून ठेवलं असेल तरी शोधाला सुरुवात करता येते. तेवढं तरी प्रत्येक फौजी घरानं दोन ठिकाणी लिहून ठेवावं असं मी भेटेल त्याला सांगतो. निजामाच्या काळातल्या नोंदी उर्दू-फारसीत, बऱ्याचशा हैदराबादला. २०२३ पासून आरक्षणाच्या निमित्तानं निजामकालीन दप्तरं उपसली जात आहेत, तेव्हा आपल्या आजोबा-पणजोबांची नावं कुठे कुठे लिहिलेली आहेत याचा अंदाज मराठवाड्यातल्या पुष्कळ घरांना पहिल्यांदा आला.

आबांच्या पेन्शनीत खंड पडला नाही. त्यांना पुन्हा चौकट करून घ्या असं आम्ही कितीदा तरी म्हटलं. त्यांनी मनावर घेतलं नाही. नव्या किल्लारीतल्या घराच्या भिंतीवर देवाच्या तसबिरी होत्या, शेजारी एक कॅलेंडर. त्यांना पहिल्या तारखेला पैसे येत होते, आजारी पडले की लष्करी दवाखान्यात बिछाना मिळत होता. ज्यानं विश्वास लिहून दिला होता, त्यानं निदान त्यांच्यापुरता तो पाळला होता.

टेलरच्या वाट्याला हे उशिरा आणि दुसऱ्याच दारातून आलं. इद्रूसच्या वाट्याला आलंच नाही. थोरातांना पदकं मिळाली, पण ज्या दिवशी विश्वास हवा होता त्या दिवशी तो मिळाला नाही. आमच्या आबांना चौकटीशिवाय मिळाला. म्हणून आता कुणाच्या घरी भिंतीवर असा कागद दिसला की मी आधी खालची सही बघतो. वर ज्याचं नाव आहे त्यानं आपलं काम केलेलंच असतं बहुतेक वेळा. खाली ज्याची सही आहे त्यानं काय केलं, ते त्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारावं लागतं. चहा होईपर्यंत ती सांगतात.